आईचं ग्रीन कार्ड संपलंय आणि ती अजून भारतात आहे. विमानात बसू देतील का?

जर्सीकर
आईचं १० वर्षांचं ग्रीन कार्ड गेल्या महिन्यात संपलं. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ती भारतात गेली होती, ते लांबत गेलं, आता सात-आठ महिने होतील. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली आहे, म्हणून तिकीट काढायला बसलो. विमान कंपनीला फोन केला तर एका बाईंनी ठणकावून सांगितलं, कार्ड चालू नसेल तर बोर्डिंग नाही. परत फोन केला तर दुसरा म्हणाला, "काउंटरवर बघतील." हे ऐकून तिकीट कसं काढायचं?
त्यात आमचा मामा म्हणतो, कार्ड संपलं म्हणजे ग्रीन कार्डच गेलं, आता पहिल्यापासून पिटिशन टाक. मी इथून तिच्या नावाने आय-९० (कार्ड नवं करून घ्यायचा फॉर्म) ऑनलाइन भरून टाकू का? ती एकटी येणार आहे, इंग्रजी जेमतेम. लंडनमार्गे तिकीट बरंच स्वस्त मिळतंय.

भटक्या७७
कॉन्सुलेटमधून बोर्डिंग फॉइल घ्या, म्हणजे कार्डाशिवाय विमानात बसू देणारा पासपोर्टवरचा कागद. फॉर्म आय-१३१ए, फी ५७५ डॉलर. माझ्या काकांचं कार्ड हरवलं होतं तेव्हा हेच केलं. काउंटरवरच्या माणसाशी वाद घालण्यापेक्षा बरं.

फॉर्मवाली मावशी
जर्सीकर, आधी मामांना शांत करा. मी वकील नाही, पण इथल्या वाचनालयात ज्येष्ठांना फॉर्म भरायला मदत करते आणि हा प्रश्न सारखा येतो. १० वर्षांच्या कार्डावरची तारीख त्या प्लास्टिकची असते. कायम रहिवासी हा दर्जा त्या तारखेला संपत नाही. १९७७ ते १९८९ मधल्या काही जुन्या कार्डांवर तर मुदतीची तारीखच नाही, आणि ती आजही चालतात. (दोन वर्षांचं कंडिशनल कार्ड असतं तर गोष्ट वेगळी होती. तिथे आय-७५१, म्हणजे अट काढून टाकायचा फॉर्म लागतो आणि तो चुकला तर दर्जाच जातो.)

बोर्डिंगचं म्हणाल, तर सीबीपीने, म्हणजे विमानतळावर प्रवाशांना तपासणाऱ्या अमेरिकेच्या खात्याने, विमान कंपन्यांसाठी काढलेलं कॅरियर इन्फर्मेशन गाइड आहे. १० वर्षांच्या मुदतीने दिलेलं कार्ड संपलेलं असलं तरी त्या प्रवाशाला आणल्याबद्दल कंपनीला दंड होत नाही, असं त्यात लिहिलंय. दंडाच्या भीतीनेच काउंटरवर नाही म्हणतात हो, बाकी त्यांचं आईंशी काय वैर? ते पान छापून आईंच्या पर्समध्ये ठेवा. तरीही अडले तर सुपरवायझरला बोलवायला सांगा. कंपनीला सीबीपीच्या रिजनल कॅरियर लायझन ग्रुपला फोन करून खात्री करता येते. तिकडे निघायची वेळ असेल तेव्हा तुम्ही जागे राहा आणि फोन जवळ ठेवा. इंग्रजी कमी असलं की काउंटरवर खरी अडचण तिथेच येते.

भटक्या७७, तुमच्या काकांचं कार्ड हरवलं होतं, त्यांच्यासाठी आय-१३१ए बरोबरच. इथे कार्ड हातात आहे. लेखी सांगूनही कंपनी ऐकत नसेल तर तो मार्ग आहेच, पण सुरुवातच ५७५ डॉलरने कशाला?

आता आय-९०. घाईने भरू नका. आईंची सही आईंचीच हवी. शिवाय बोटांचे ठसे द्यायची तारीख इथल्या केंद्राची येऊ शकते, आणि त्या दिवशी त्या भारतात असल्या तर नवी भानगड. बाहेर असताना कार्ड संपलं आणि निघण्याआधी अर्ज केलेला नसेल, तर आय-९० भरण्याआधी जवळच्या कॉन्सुलेटशी, यूएससीआयएस (इमिग्रेशनचे अर्ज बघणारं खातं) कार्यालयाशी किंवा पोर्ट ऑफ एन्ट्रीशी, म्हणजे अमेरिकेत शिरतानाच्या तपासणी नाक्याशी, संपर्क करा, असं यूएससीआयएसचं म्हणणं आहे. तेव्हा कॉन्सुलेटला ईमेल टाका आणि उत्तर आलं की तेही छापून ठेवा. इथे पोचल्यावर लगेच ऑनलाइन भरा. ऑनलाइन ४१५ डॉलर, कागदावर ४६५. पावती मिळाली की तीच, जुन्या कार्डासोबत, ३६ महिने चालते.

माझ्या मते तुमचं लक्ष चुकीच्या तारखेवर आहे. आई अमेरिकेबाहेर पडल्या त्या दिवसापासून एक वर्ष मोजा आणि त्याच्या बऱ्याच आत त्यांना आणा. वर्ष उलटलं की रीएन्ट्री परमिट, म्हणजे परत यायचा परवाना लागतो, आणि त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो, तिकडून नाही. परमिटही नसेल तर एसबी-१ व्हिसा, म्हणजे परतणं आपल्या हातात नव्हतं हे सिद्ध करत बसायचं. म्हणून फिजिओथेरपीचे अजून दोन महिने, मग लग्नसराई, असं पुढे ढकलू देऊ नका.

जर्सीकर
मावशी, लग्नसराईचं तुम्हाला कसं कळलं? मावसबहिणीचं आहेच! ते आता व्हिडिओवर बघू. सहा महिन्यांच्या वर झाल्याने विमानतळावर काही होईल का?

फॉर्मवाली मावशी
१८० दिवसांच्या वर सलग बाहेर राहिलं की कायद्याने नव्याने प्रवेश मागणाऱ्यासारखं धरतात, त्यामुळे प्रश्न जास्त येतील. ऑपरेशनचे कागद, डिस्चार्ज, डॉक्टरांचं पत्र इंग्रजीत असू द्या. सोबत इथलं टॅक्स रिटर्न, बँकेचं स्टेटमेंट, तुमच्या घरचा पत्ता असलेलं काहीतरी. दुभाषी मागता येतो, हे आईंना सांगून ठेवा. आणि कोणी आय-४०७ पुढे केला तर सही करायची नाही. तो ग्रीन कार्ड आपणहून सोडून देण्याचा फॉर्म आहे. त्यावर सही करायची सक्ती नाही, इमिग्रेशन न्यायाधीशापुढे सुनावणी मागता येते. हे एक वाक्य मराठीत लिहून पासपोर्टच्या कव्हरमध्ये सरकवा.

ट्रान्झिटवाला
लंडनचं तिकीट काढू नका! भारतीय पासपोर्टवर तिथे नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो. ग्रीन कार्डवाल्यांना सूट आहे, पण ते कार्ड चालू असलं तर. संपलेलं असेल तर सोबत मुदतवाढीचं आय-७९७ पत्र लागतं, आणि आय-९० भरलेलाच नाही म्हणजे तेही नाही. तुम्हाला अमेरिका आत घेईल, पण लंडनमुळे भारतातच अडकाल.
थेट विमान बघा. अबूधाबीमार्गे आलात तर अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं, म्हणजे वर मावशींनी सांगितलेले प्रश्न आईंना अबूधाबीत विचारतील आणि तुम्ही बाहेर न्यायला उभे नसाल. काहींना ते सोयीचं वाटतं. एकट्या येणाऱ्या माणसासाठी मी तरी टाळेन.

जर्सीकर
थेट विमानाचं तिकीट काढलं. लंडनपेक्षा महाग पडलं, पण व्हीलचेअरसकट मिळालं. कॉन्सुलेटला ईमेल गेला आहे. गाइडचं पान मामाच्या घरच्या प्रिंटरवर छापून घेतो, म्हणजे तोही वाचेल.