ब्लूटूथवर आवाज दबका का येतो
एकाने विचारलंय की गाडीत पेनड्राइव्हवर गाणं खणखणीत वाजतं आणि तेच फोनवरून ब्लूटूथने लावलं की दबल्यासारखं येतं, तर आधी फोनचा स्वतःचा आवाज किती आहे ते बघा. बहुतेक वेळा तो अर्ध्यावर असतो आणि आपण मग गाडीच्या स्क्रीनवरचा वाढवत बसतो, त्याने नुसती खरखर वाढते. फोन जवळजवळ फुल ठेवा आणि बाकीचं सगळं गाडीच्या बटणांवरून करा. माझ्या गाडीत एवढ्यानेच गाण्यामागचा तानपुरा परत ऐकू यायला लागला, खरंच फार बरं वाटलं त्या दिवशी.

आणि साधं ब्लूटूथ अन् वायरलेस अँड्रॉइड ऑटो (फोनवरची अ‍ॅप्स वायरशिवाय गाडीच्या स्क्रीनवर आणायची सोय) एकच समजू नका. ऑटोमध्ये ब्लूटूथ मुख्यतः जोडणी आणि कॉलपुरतं, गाणं 5 गिगाहर्ट्झच्या वायफायवरून येतं, त्यामुळे जागा भरपूर मिळते. साध्या ब्लूटूथवर गाणं आधी आकसून पाठवावं लागतं, एसबीसी कोडेक (म्हणजे आवाज आकसायची ब्लूटूथची साधी पद्धत) असेल तर चांगल्या सेटिंगलाही सेकंदाला साधारण 328 किलोबिटच, म्हणून झांजा, टाळ असले बारीक आवाज पहिले मरतात.

जोडून पण गाणं फोनवरच वाजत असेल तर ब्लूटूथ सेटिंगमध्ये गाडीच्या नावाशेजारी 'मीडिया ऑडिओ' चालू करा, बऱ्याचदा फक्त कॉलचं चालू असतं.

एक्स्प्रेसवेवर बोगद्यात गाणं अडकतं तो मात्र नेटवर्कचा प्रश्न, त्याला ब्लूटूथ काय करणार, निघायच्या आधी घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवा.