मदत हवी आहे: अॅन्सिबलमधून चालवलेल्या स्क्रिप्टला शेअर्ड फोल्डर उघडत नाही

अंधेरीच्या आमच्या कार्यालयातील लिनक्स सर्व्हरवरून, ठाण्याच्या शाखेतील बारा विंडोज संगणकांवर रोज रात्री बॅकअपची पॉवरशेल स्क्रिप्ट अॅन्सिबलने (अनेक संगणकांवरची कामे एकाच ठिकाणाहून चालवणाऱ्या साधनाने) चालवायची आहे. जोडणी विनआरएमवरून (विंडोज संगणक दुरून हाताळण्याची सेवा), ५९८६ पोर्टवर, एनटीएलएम या लॉगिन तपासण्याच्या पद्धतीने केली असून विन-पिंग या जोडणीच्या चाचणीला सर्व संगणकांकडून 'पाँग' असे उत्तर येते. स्क्रिप्ट सुरूही होते. मात्र फाइल सर्व्हरवरील शेअर्ड फोल्डरमध्ये प्रत टाकण्याच्या ओळीवर 'अॅक्सेस इज डिनाइड' म्हणून थांबते. त्याच संगणकासमोर बसून, त्याच खात्याने चालवल्यास ती विनातक्रार पूर्ण होते, त्यामुळे फोल्डरच्या परवानग्यांचा प्रश्न नसावा. एनटीएलएममध्ये लॉगिनची ओळख पहिल्या संगणकापुढे जात नाही, हेच मूळ असावे असे मला वाटते.

संगणक डोमेनमध्ये (सामायिक मध्यवर्ती लॉगिन व्यवस्थेत) नाहीत, म्हणून कर्बेरॉस या दुसऱ्या लॉगिन पद्धतीचा मार्ग बंद आहे. क्रेडएसएसपी या तिसऱ्या पद्धतीने काम होईल, पण त्यात पासवर्डच पलीकडच्या संगणकाकडे सोपवला जातो आणि ग्राहकांची कागदपत्रे असलेल्या ठिकाणी ते मला मुळीच पटत नाही. पासवर्ड व्हॉल्टमध्ये (कूटबद्ध साठ्यात) आहेत. स्क्रिप्टमध्ये उघडे लिहायचे नाहीत.

अशा स्थितीत 'बिकम' (काम दुसऱ्या खात्याने चालवण्याची अॅन्सिबलची सोय) रनअॅज पद्धतीने, लॉगऑन टाइप 'न्यू क्रेडेन्शियल्स' ठेवून, फाइल सर्व्हरवरील खाते फक्त नेटवर्कपुरते वापरता येईल का, आणि त्याचे फ्लॅग्ज (पर्याय) नेमके कसे लिहावेत?