मांजाने कापलेली अल्नर नर्व्ह आणि विरघळणारा स्टिम्युलेटर

प्रश्न (फिजिओ, रावपुरा): उत्तरायण झालं की बडोद्यात मांजाने मनगट कापलेले पेशंट येतातच. एकाची अल्नर नर्व्ह (करंगळीकडच्या बाजूची, हाताच्या स्नायूंना संदेश नेणारी नस) मनगटाच्या घडीपाशी पूर्ण तुटली होती. त्याच दिवशी शिवली, आता चौथा आठवडा. घरच्यांनी नसेला करंट देऊन नंतर अंगात विरघळणाऱ्या स्टिम्युलेटरबद्दल वाचलंय. आता तो बसवता येईल का? बाहेरून करंट द्यावा का?

उत्तर १: तो स्टिम्युलेटर 2018 मध्ये अमेरिकेत उंदरांच्या सायटिक नर्व्हवर (मागच्या पायाच्या मोठ्या नसेवर) दाखवला गेला. बॅटरी नाही, रेडिओलहरींवर चालतो. रोज एक तास, फार तर सहा दिवस. माणसांत तपासलेली पद्धत साधी आहे: ऑपरेशननंतर लगेच 20 हर्ट्झने एक तास, एकदाच. त्याने नस वाढायचा वेग वाढत नाही, तो दिवसाला साधारण 1 मिलिमीटरच राहतो. टाक्यापाशी रेंगाळणारे तंतू लवकर पलीकडे जातात, एवढंच. त्यासाठी शिवलेली नस पुन्हा उघडू नका. मनगटापासून हाताचे स्नायू 8-10 सेंटिमीटरवर, म्हणजे टाक्यापाशी रेंगाळण्याचा वेळ धरून चार-पाच महिने. कोपरापाशी कापली असती तर 30 सेंटिमीटर, जवळजवळ वर्ष. आणि 12 ते 18 महिन्यांनंतर स्नायू नस स्वीकारेनासा होतो. म्हणून करंटची खरी गरज कोपरापाशी कापलेल्यांना आहे.

उत्तर २: पुढच्या केससाठी: इलेक्ट्रोड टाक्याच्या वर, खांद्याच्या बाजूला ठेवायचा. पल्स 0.1 मिलिसेकंद. संदेश मज्जारज्जूतल्या पेशीपर्यंत पोचलाच पाहिजे, म्हणून इलेक्ट्रोडच्या वर लिग्नोकेनचा (बधिर करणाऱ्या औषधाचा) ब्लॉक असेल तर तासभर करंट फुकट. टूर्निके (रक्त थांबवायला दंडाला बांधलेला पट्टा) सोडल्यावर नस जागी व्हायला वेळ द्या. पूर्ण तुटलेल्या नसेत बोट उडणार नाही, त्यावरून मशीन बंद आहे असं समजू नका. पेशंट जागा असेल तर बधिर करंगळीतच मुंग्या आल्याचं सांगतो, तीच खूण.

उत्तर ३: ताई, टेन्स किंवा फॅरॅडिकने (कातडीवरून छोट्या पल्स देणाऱ्या मशीनने) नस तुटलेला स्नायू हलत नाही, त्याला 100 मिलिसेकंदांच्या आसपासची लांब गॅल्व्हॅनिक पल्स लागते. तीही स्नायूपुरती, नस त्याने वाढत नाही. पॅड बधिर कातडीवर नको: भाजलं तरी त्याला कळणार नाही. त्यापेक्षा करंगळी-अनामिकेचे मुळाचे सांधे मागे जाऊ न देणारा स्प्लिंट बनवा, नाहीतर बोटं आकडीसारखी आखडतील. मनगट कधी सरळ करायचं ते सर्जनला विचारूनच. आणि महिन्याला टिनेल टेस्ट करा: नसेवर बोटाने ठोकून झिणझिण्या येतात तिथे पेनाने खूण करा. खूण दोन महिने जागची हलली नाही तर सर्जनकडे परत पाठवा.