फुफ्फुसातली गुठळी शोधताना प्रत्येकाला १२० किलोव्होल्ट कशाला?

काळी_फिल्म: फुफ्फुसाच्या धमनीत गुठळी अडकल्याचा संशय आला की सीटी अँजिओ होतो, म्हणजे शिरेतून कॉन्ट्रास्ट (आयोडीन असलेला द्रव) सोडून रक्तवाहिन्यांचा क्ष-किरण स्कॅन. बारीक किंवा मध्यम बांध्याच्या पेशंटलाही १२० किलोव्होल्ट (क्ष-किरण नळीचं व्होल्टेज) आणि ८० मिली कॉन्ट्रास्ट देणं ही माझ्या मते नुसती सवय आहे. आयोडीन ३३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या जरा वरच्या ऊर्जेच्या किरणांना सर्वांत जोरात अडवतं. व्होल्टेज उतरवलं की किरणांची सरासरी ऊर्जा त्या आकड्याकडे सरकते आणि तेवढंच आयोडीन अधिक उजळ दिसतं. बाकी सेटिंग तीच ठेवून १०० वर आलात तर किरणांची मात्रा सुमारे एक तृतीयांशाने घटते, ८० वर निम्म्याहून खाली जाते. धमनी उजळल्यामुळे कॉन्ट्रास्टही ४०-५० मिलीत भागतं. तिशीतल्या बाईचा स्कॅन असेल तर हे किरण तिच्या स्तनांतून जातात. प्रोटोकॉल लिहिणाऱ्याला याचा विसर पडू नये.

तातडी_विभाग: सहमत नाही. रात्री धाप लागलेला शंभर किलोचा पेशंट येतो, त्याचं ८० वरचं चित्र दाणेदार निघतं आणि बारीक शाखेतली गुठळी त्या दाण्यांत हरवते. ‘निष्कर्ष काढता येत नाही’ असा रिपोर्ट आला की पुन्हा स्कॅन, म्हणजे किरणही दुप्पट आणि कॉन्ट्रास्टही दुप्पट. शिवाय मशिनचं स्वयंचलित नियंत्रण दाणे आवरायला नळीचा करंट, म्हणजे किरणांचं प्रमाण, वाढवतं, मग तुमची एक तृतीयांश बचत उरते कुठे? सुटलेली गुठळी काही दिवसांत जीव घेऊ शकते. किरणांमुळे होणारा कॅन्सर ही खूप वर्षांनंतरची, लहानशी शक्यता आहे. मी आधी आजची रात्र बघणार.

काळी_फिल्म: शंभर किलोच्या पेशंटला ८० लावा, असं मी म्हटलेलंच नाही. करंटचा मुद्दा मात्र बरोबर आहे. म्हणूनच दाण्यांची मर्यादाही थोडी सैल करावी लागते. धमनी पुरेशी उजळ असेल तर थोडे दाणे चालतात, आणि आयटरेटिव्ह रिकन्स्ट्रक्शन (पुन्हापुन्हा गणित करून चित्र सुधारणारं सॉफ्टवेअर) त्यातले बरेच पुसतं.

गँट्री_पाळी: मी टेक्निशियन आहे. वाया गेलेले स्कॅन रोज माझ्यासमोर येतात, आणि त्यांत दोष बऱ्याचदा व्होल्टेजचा नसतोच, श्वासाचा असतो. आपण सवयीने सांगतो, ‘खोल श्वास घ्या, धरून ठेवा.’ पेशंट जोरात श्वास ओढतो, छातीतला दाब पडतो आणि पोटाकडच्या महाशिरेतून कॉन्ट्रास्ट नसलेलं रक्त धावत हृदयात येतं. नेमक्या त्याच क्षणी स्कॅन सुटला की फुफ्फुसाची धमनी फिकी आणि महाधमनी झगझगीत! मी आता फक्त ‘नेहमीसारखा श्वास घ्या आणि थांबा’ एवढंच सांगते, तेही टेबलावर एकदा करून घेते. मागून सलाइनचा धक्का दिला की शिरेत अडकलेलं कॉन्ट्रास्टही कामी येतं. पण ४० मिलीत उजळपणाची खिडकी अगदी छोटी असते. दोन-तीन सेकंद चुकले तर संपलं. वेळ साधणारं माणूस खोलीत नसेल तर कॉन्ट्रास्टची मात्रा कमी करू नका, हे मी कळकळीने सांगते.

वॉर्ड_राउंड: तुम्ही सगळे स्कॅन ठरल्यानंतरचं बोलताय. वेल्स स्कोअर (गुठळीची शक्यता किती, हे लक्षणांवरून सांगणारे गुण) कमी असेल तर आधी डी-डायमर (गुठळी विरघळताना रक्तात उतरणाऱ्या तुकड्यांची तपासणी) करा. पन्नाशीपुढे ५०० मायक्रोग्रॅम प्रति लिटरची जुनी रेघ सोडून वय गुणिले १० धरा. पंचाहत्तरीच्या आजोबांना ७५० पर्यंत स्कॅन नको. २०१४ च्या अ‍ॅडजस्ट-पीई अभ्यासाने हे दाखवून दिलं. न झालेल्या स्कॅनइतकी कमी मात्रा कुठल्याच मशिनला जमणार नाही.

तातडी_विभाग: हे मान्य. पण कॉन्ट्रास्ट कमी करताना मूत्रपिंड बिघडण्याची भीती दाखवू नका. २०२० मध्ये अमेरिकेतल्या रेडिओलॉजी आणि मूत्रपिंड या दोन्ही संघटनांनी मिळून सांगितलं की हा धोका फुगवला गेला होता. खरी काळजी ईजीएफआर (मूत्रपिंड किती वेगाने रक्त गाळतं त्याचा अंदाज) ३० च्या खाली.

काळी_फिल्म: ३० च्या खालचे पेशंटही धाप लागून येतातच, त्यांच्यासाठी ४० मिलीचा प्रोटोकॉल तयार हवा. शिवाय २०२२ मध्ये शांघायच्या लॉकडाऊनने कॉन्ट्रास्टचा जगभर तुटवडा पडला, तेव्हा अनेक ठिकाणी मात्रा कमी करूनच काम चाललं.

तातडी_विभाग: चला, ऐंशी किलोच्या आतल्यांना १०० किलोव्होल्ट आणि ५० मिली, एवढ्याला मी तयार आहे. ८० किलोव्होल्ट मात्र गँट्री_पाळी यांच्यासारखं कुणी पाळीवर असेल तेव्हाच.