समुद्राजवळ राहत असाल तर पंख्याचं हँडहेल्ड घेऊ नका

खाजणकर (धागाकर्ता)

दिवाळी जवळ आली की तालुक्याच्या ग्रुपवर एकच विषय: हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून गेम खेळायचं यंत्र, कुठलं घ्यायचं? स्टीम डेक घेऊ, आरओजी ॲलाय घेऊ, की स्विच २? सल्ला देणारे बहुतेक पुण्याचे, नाहीतर अमेरिकेतले व्हिडिओ बघून बोलणारे. चिप कुठली, फ्रेम किती, पडदा ओएलईडी आहे का. विचारणारा वेंगुर्ल्याचा आहे आणि त्याच्या पडवीत बसलं तर लाटा ऐकू येतात, हे कोणी विचारातच घेत नाही.

माझं मत सरळ आहे. समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर पंखा असलेलं कुठलंही हँडहेल्ड घेऊ नये. पंखा बाहेरची हवा आत ओढतो, आणि आपल्याकडच्या हवेत मिठाचे कण असतात. मीठ कोरडं आहे तोवर फारसं बिघडत नाही. पण सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की साधं मीठसुद्धा हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर त्याच्या कितीतरी आधी ओलं होतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे आर्द्रता ७५च्या खाली उतरते कधी? मग बोर्डावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर बसतो, त्यातून नको तिथे वीज वाहते, तांबं हिरवं पडतं.

जुनी यंत्रं आठवा. १९८९चा गेम बॉय, नंतरचे पीएसपी, थ्रीडीएस, व्हिटा, यांतल्या एकालाही पंखा नव्हता. गेम बॉयवाल्या गुनपेई योकोईंचं धोरणच असं की जुनं, स्वस्त, मुरलेलं तंत्रज्ञान घ्यायचं आणि त्यातून नवीन खेळ काढायचा. पडदा रंगीतसुद्धा नव्हता. चार पेन्सिल सेलवर पंधरा-एक तास चालायचा. लगेच पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअर आला, रंगीत, उजेडवाला. त्याला सहा सेल लागायचे आणि ते तीन ते पाच तासांत संपायचे. खपला कोण, तर गेम बॉय. गेम बॉय कलर धरून ११ कोटींच्या वर.

तेव्हा बरा फोन घ्या (तो तसाही घ्यायचाच असतो) आणि त्याला दोन्ही बाजूंनी पकडणारा कंट्रोलर लावा. जुने खेळ आवडत असतील तर मियू मिनीसारखी बिनपंख्याची छोटी चिनी यंत्रं आहेतच. आरओजी ॲलाय २०२३मध्ये भारतात ६९,९९० रुपयांना आली. तेवढे पैसे ओतून खारी हवा ओढणारी मशीन घरात आणायची कशाला?

तुतारीवाला

साफ असहमत. फोनवरचा खेळ म्हणजे दर दोन मिनिटांनी जाहिरात, आणि नेट गेलं की खेळ बंद. पबजी २०२०मध्ये बंद झाला. त्याच्या जागी बीजीएमआय २०२१मध्ये आला, २०२२मध्ये तोही काढला, २०२३मध्ये परत आला. पोरांनी तेवढ्यात करायचं काय? सुपारी कातरत बसायचं?

मी दादरहून तुतारी एक्स्प्रेसने येतो-जातो. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा, आणि तो एकटा थोडाच आहे. वाटेत नेटवर्क शोधशोधून फोनचा जीव जातो. स्टीम डेक ऑफलाइन टाकली की कोण कुठल्या बोगद्यात आहे याच्याशी काही देणंघेणं नाही. (नवीन माणसाला सूचना: ऑफलाइन जायच्या आधी खेळ घरच्या नेटवर एकदा सुरू करून बघा, नाहीतर पनवेल सोडल्यावर तोंड बघत बसाल.)

पंख्याचं म्हणाल तर डेकची चिप १५ वॉटपर्यंत खाते, ॲलायसारखी विंडोजवाली यंत्रं त्याहून जास्त. एवढी उष्णता हाताएवढ्या डब्यातून पंख्याशिवाय बाहेर कशी काढणार? तुमच्या फोनला पंखा नाही म्हणून तो थोड्या वेळाने तापतो आणि स्वतःच गती कमी करतो. मे महिन्यात आंब्याखाली बसून खेळून बघा.

खाजणकर

तुमचं यंत्र वर्षातले किती दिवस किनाऱ्यावर असतं? गणपती, शिमगा आणि मे महिन्यातले आठ दिवस. चाकरमान्याच्या सवयीवर इथल्या माणसाने खरेदी करावी का? आणि मे महिन्याचं म्हणाल तर स्टीम डेक आणि स्विच, दोन्हींच्या कंपन्या वापरासाठी ३५ अंशांपर्यंतचीच हमी देतात. मार्चमध्ये गरम वारे सुटले की आमच्याकडे तो आकडा दुपारच्या जेवणाआधीच मागे पडतो.

आगाऊ_राघू

मग लॅपटॉपही विका. फ्रिज विका. टीव्ही विका. स्कूटर तर आधी विका, तिचा सायलेन्सर बघा कसा झालाय. हलके घ्या.

सोल्डरवाली

मी रत्नागिरीत दुरुस्तीचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खाजणकरांचं मिठाचं गणित बरोबर आहे. पण ते चालू यंत्राला लागू करताय तिथे मी थांबवते. यंत्र चालू असतं तेव्हा आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा वीस-पंचवीस अंशांनी तरी जास्त असतं. हवा तापली की तिच्यातली सापेक्ष आर्द्रता खाली येते. म्हणजे बाहेर ९० टक्के असली तरी गरम बोर्डाच्या आसपास ती ७५च्या बरीच खाली असते आणि मीठ कोरडंच राहतं. खरी माती होते यंत्र बंद करून ठेवल्यावर. परीक्षा आली म्हणून आई कपाटात ठेवते, वर रुमाल गुंडाळते, आणि पाऊस संपल्यावर बाहेर काढते. माझ्याकडे येणारी गेमची यंत्रं बहुतेक अशी कपाटातून आलेली असतात. रोज खेळणाऱ्याचं यंत्र येतं ते काठीसाठी. अंगठ्याने फिरवायची काठी, म्हणजे ॲनालॉग स्टिक, तिच्या आत ती किती वळली ते मोजणारा पोटेन्शिओमीटर असतो, तो घासून झिजतो आणि खेळातला माणूस आपोआप चालायला लागतो. त्याचा समुद्राशी काही संबंध नाही, ते नाशिकलाही होतं. चुंबकावर चालणारी हॉल सेन्सरची काठी असेल तर ती झीज होत नाही.

दुसरं, एसीचं. एसी खोलीत थंड झालेलं यंत्र घेऊन पडवीत आलात की त्याच्यावर आणि आत दव धरतं. ते खाऱ्या हवेपेक्षा वाईट. बाहेर आणल्यावर पिशवीतच ठेवा, अर्धा तास तरी चालू करू नका.

आणि फोनला पंखा नाही म्हणून तो सुरक्षित, हे कोणी सांगितलं? माझ्या टेबलावर फोन सगळ्यांत जास्त. सगळ्यात आधी जातो चार्जिंगचा पोर्ट. ओल्या, खारट हाताने पिन लावायची, पिनेला वीज असते, त्यामुळे गंज नुसत्या हवेपेक्षा वेगाने धरतो. फोनवर आयपी ६८ (पाणी-धूळ आत न जाण्याचा दर्जा) लिहिलेलं असतं, पण ती चाचणी गोड्या पाण्यात होते. शिवाय फोन डिंकाने चिकटवलेला. हँडहेल्ड निदान स्क्रूने तरी उघडतं.

ठेवायचं कसं: हवाबंद डबा आणि सिलिका जेल. तांदूळ नको, त्याने काही होत नाही आणि भुकटी पोर्टमध्ये जाते. आपल्याकडचे लग्नाचे फोटोग्राफर पूर्वी लेन्सच्या कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवायचे, बुरशी येऊ नये म्हणून. तत्त्व तेच. हल्ली कोणीतरी हौसेने एलईडी लावतात. तो तापतच नाही, कपाटात नुसती रोषणाई!

कुडाळचो_झिल

अरे कसली ही युद्धां करतास? माझ्या झिलाक तो गेम का काय ता घेवन दिलंय. पावसात त्या जाळयेतसून मुंगळे आत शिरले. खारी हवा रवली बाजूक, आधी मुंगळ्यांचा काय करूचा ता सांगा.

सोल्डरवाली

भाऊ, हसू नका कोणी, हे खरंच होतं. ऊब असते तिथे मुंग्या येतात. खाताना खेळू देऊ नका, लाडवाचा हात लागला की झालंच. आणि डब्यात ठेवा, डबा हवाबंद असला की मुंगीलाही वाट नाही.

खाजणकर

ताई, चालू यंत्राचा मुद्दा घेतला. पण मग निष्कर्ष काय निघतो? यंत्र वाचवायचं तर रोज चालू ठेवा? पावसाळ्यात रोज कसं चालू ठेवणार, लाईट कुठे असते? निसर्ग वादळ जून २०२०मध्ये येऊन गेलं तेव्हा दापोली-मंडणगडकडच्या गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. ते टोकाचं म्हणा. पण एखादी फांदी तारेवर पडली की रात्र काढावी लागते, हे दर पावसाचं आहे. तेव्हा घरातल्या इन्व्हर्टरवर एक पंखा नि एक दिवा. त्यावर पोराचा गेम चार्जिंगला लावला तर आजी काठी घेऊन येईल, आणि ती पोटेन्शिओमीटरवाली नसेल.

आमच्या लहानपणी आंगणेवाडीच्या जत्रेत ब्रिक गेम मिळायचा. '९९९९ गेम' असं वर छापलेलं, आत सगळा ठोकळ्यांचाच खेळ. सेल संपले की वाण्याकडे जायचं, नवे घालायचे. ही सोय आजच्या सत्तर हजारांच्या यंत्रात नाही.

तुतारीवाला

पॉवर बँक नावाची वस्तू निघाली आहे, काका. २०,००० एमएएचची म्हणजे सुमारे ७४ वॉट-तास. वाया जातं ते सोडून एलसीडी पडद्याच्या डेकची ४० वॉट-तासांची बॅटरी एकदा पूर्ण भरते. फक्त ४५ वॉट देणारी घ्या. साध्या १८ वॉटच्या बँकेवर जड खेळ लावलात तर चार्जिंग चालू असूनही बॅटरी उतरत जाईल.

आणि ब्रिक गेमचं कौतुक पुरे. तो आम्हीही खेळलोय.

भाट्ये_पूल

सगळे मिठावर भांडताय, मला वेगळंच दिसतंय. स्टीम डेक भारतात कंपनी विकतच नाही. स्विचचंही तसंच, जो येतो तो बाहेरून आणलेला, दुकानदाराच्या तोंडी वॉरंटीवर. म्हणजे उद्या बोर्ड गेला तर कोणाच्या दारात जाणार? सोल्डरवाली ताई म्हणतात स्क्रूने उघडतं. उघडलं, मग भाग कुठून आणायचा? डेकचे सुटे भाग आयफिक्सिट विकतं, पण इथे नाही. ॲलाय, लीजन गो वगैरे भारतात अधिकृत मिळतात हे खरं. पण अधिकृत म्हणजे मुंबई-पुण्यात अधिकृत. माझं एक यंत्र (कंपनीचं नाव घेत नाही, धागा भरकटेल) कुरिअरने पाठवलं तर ते 'द्रवामुळे खराबी' असा शेरा मारून जसंच्या तसं परत. मी त्याच्यावर पाण्याचा थेंब पाडला नव्हता. आर्द्रतेने बोर्डावर आलेला डाग आणि सांडलेला चहा यात तिथे कोणी फरक करत नाही.

म्हणून माझा सल्ला: पंखा आहे का, हे नंतर बघा. तुमच्या एसटीच्या टप्प्यात ते उघडून दुरुस्त करणारा माणूस आहे का, ते आधी बघा.

सोल्डरवाली

काठीचे मॉड्यूल मुंबईला लॅमिंग्टन रोडवर मिळतात, ते बसवून देते. पंखाही जुळवता येतो. पडदा आणि बॅटरीसाठी मात्र लोकांना परत पाठवावं लागतं. भाट्येकरांचं म्हणणं मी रोज टेबलावर बघते.

आगाऊ_राघू

काही का असेना, सायलेन्सरचं उत्तर कोणी दिलं नाही.

खाजणकर

स्कूटरशिवाय पोट भरत नाही, राघोबा. गेमशिवाय भरतं. म्हणून तिथे गंज सोसतो आणि इथे नाही.

भाट्येकरांच्या अनुभवाने माझा मुद्दा उलट पक्का होतो. जे यंत्र बिघडण्याची शक्यता जास्त आणि बिघडलं तर वाली नाही, त्यात सत्तर हजार घालायचे नाहीत. फोन निदान तालुक्याच्या बाजारात दुरुस्त होतो. ताई म्हणतात तसा पोर्ट गेला तर काही शेकड्यांत काम होतं.

तुतारीवाला

आणि त्या फोनवर खेळायचं काय, हे अजून सांगितलं नाहीत.

लाल_माती

मी आत्तापर्यंत नुसतं वाचत होतो. कॉलेजला आहे, बजेट खाजणकर काकांच्या ब्रिक गेमचं. कुडाळ बाजारात एकाकडे जुना पीएसपी आहे. पंखा नाही, पण मागचं झाकण वर आलंय, बहुतेक बॅटरी फुगली आहे. घेऊ का?

सोल्डरवाली

फुगलेली असेल तर तिथल्या तिथे काढायला सांग. झाकण सरकवलं की हाताने निघते, स्क्रूसुद्धा लागत नाही. ती बॅटरी घरी आणू नकोस आणि टोचून तर अजिबात बघू नकोस. मग बॅटरीशिवाय चार्जर लावून चालू करून बघ, पीएसपी तसाही चालतो. डिस्कचा आवाज खरखरीत येतोय का, काठी सरळ राहते का, बॅटरीच्या खणात हिरवट-पांढरं काही दिसतंय का, एवढं बघ. खण स्वच्छ असेल तर घ्यायला हरकत नाही.

खाजणकर

बघा, हाताने निघणारी बॅटरी! युरोपात फेब्रुवारी २०२७पासून अशा छोट्या यंत्रांच्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला काढता आल्या पाहिजेत असा नियम लागू होतोय. जे २००४च्या यंत्रात होतं ते परत आणायला कायदा करावा लागला. किती मागतोय रे तो?

लाल_माती

अडीच हजार. वर चार्जर नाही म्हणतो.

सोल्डरवाली

५ व्होल्टचा लागतो, बाहेर मिळतो. पण आधी त्याच्या दुकानातल्या कुठल्यातरी चार्जरवर चालू करून दाखव म्हणावं, मगच पैसे काढ. आणि बॅटरी फुगलेली आहे हे सांगून भाव पाड.