वॉर्डात वयस्कर पेशंट पडतात, मेमोशिवाय दुसरा उपाय कुणी केलाय का?

नमस्कार मंडळी. नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला एका खासगी हॉस्पिटलात मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. नर्सिंग, क्वालिटी, ॲडमिनमधल्या जाणकारांचा सल्ला हवाय.

आमच्याकडे सिन्नर, दिंडोरी, निफाडकडचे म्हातारे पेशंट जास्त. पडतात ते बहुतेक पहाटे. लघवीला लागलेली असते, सून खाली चटईवर गाढ झोपलेली, तिला कशाला उठवा म्हणून आजी एकट्याच निघतात. थंडीत पायात लोकरीचे मोजे, खाली गुळगुळीत फरशी, आणि मावशींचं पोछा मारणंही त्याच वेळेला. त्यात रात्री लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) आणि झोपेची गोळी दिलेली असली तर विचारूच नका.

मॉर्स स्केल, म्हणजे पडण्याचा धोका मोजायचा तक्ता, ॲडमिशनलाच भरतो. स्कोअर ४५ किंवा वर गेला की हाय रिस्क, मनगटाला पिवळा पट्टा. एनएबीएचसाठी (हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणारी संस्था) फाइल एकदम चोख. पण पेशंट पडला की वरून ड्यूटीवरच्या सिस्टरला मेमो! त्यामुळे पडता पडता वाचलेल्यांची नोंद कुणी करतच नाही. पोरी धास्तावून पलंगाच्या चारही साइड रेल (कठडे) वर करून ठेवतात. मग आजोबा रेलवरून तंगडी टाकून उतरायला बघतात, म्हणजे पडले तर आणखी उंचावरून.

माझ्या मते मेमो बंद करून, पडल्यावर लगेच सिस्टर, मावशी, आरएमओ (निवासी डॉक्टर) सगळ्यांनी पलंगापाशीच उभ्या उभ्या दहा मिनिटं बोलावं: पेशंट कुठे निघाला होता, दिवा चालू होता का, बेल हाताशी होती का. आमचे सर म्हणतात, "धाक नसला की कामं होत नाहीत."

तर विचारायचं हे, की कुणाकडे मेमो थांबवलेत का आणि वरच्यांना कसं पटवलंत? लोक मोकळेपणाने नोंदी करू लागले की सुरुवातीला आकडा वाढणारच. महिन्याच्या मीटिंगमध्ये तो कसा मांडता? दुसरं, नाइटला दोनच सिस्टर असताना दर दोन तासांनी "बाथरूमला जायचंय का" विचारायची फेरी कशी बसवता? मावशी-मामांना त्यात घेतलंय का? आणि लॅसिक्सचा दुसरा डोस दुपारीच द्या, हे कन्सल्टंटना सिस्टरने सांगायचं की आरएमओमार्फत?

"नातेवाइकांना लक्ष ठेवायला सांगा" हा सल्ला कृपया नको, तो आमच्या भिंतीवर लॅमिनेट करून लावलेला आहे.