६४ जीबीचं कार्ड लॅपटॉपमध्ये घातलं की 'फॉरमॅट करा' म्हणतंय, फोटो कसे उतरवू?

हडपसर_गाडीतळ
नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितोय. कॅननचा १३००डी कॅमेरा आहे, त्यातलं १६ जीबीचं कार्ड भरत आलं होतं म्हणून पालखीच्या आधी नवीन ६४ जीबीचं घेतलं. माउलींची पालखी पुण्यातून सासवडला निघाली त्या दिवशी हडपसरपासून दिवे घाटापर्यंत फोटो काढत गेलो, आई यंदा पहिल्यांदाच दिंडीत चालतीये, डोक्यावर तुळस, वरून भुरभुर पाऊस आणि मागे घाटाच्या वळणावर पार खालपर्यंत पताकाच पताका. हे फोटो परत काही मिळायचे नाहीत. कॅमेऱ्यात सगळे व्यवस्थित दिसतायत, झूम करून पण बघितले. पण कार्ड काढून लॅपटॉपच्या खाचेत घातलं की ड्राइव्ह दिसतो आणि लगेच चौकट येते की वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करा. जुनं कार्ड मात्र पटकन उघडतं. लॅपटॉप बराच जुना आहे, विंडोज ७. कार्ड खराब निघालं का? फॉरमॅट केलं तर फोटो राहतील का?

पेठेतला_पप्पू
करून टाका फॉरमॅट, मग रिकव्हरी सॉफ्टवेअरने सगळं परत येतं. मित्राने केलंय.

कवडीपाट
थांबा!! अजिबात फॉरमॅट करू नका, ती चौकट आली की कॅन्सल दाबायचं आणि कार्ड बाहेर काढायचं, बस्स. पप्पू, असं सांगू नका हो कुणाला. क्विक फॉरमॅटमध्ये फक्त वरची यादी पुसली जाते आणि फोटो आत पडून असतात हे बरोबर, पण त्या चौकटीत क्विकची खूण चुकून निघाली तर विस्टापासून पुढची विंडोज पूर्ण कार्डावर शून्यं लिहिते, मग कुठलंच सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. आणि इथे तर फोटो गेलेलेच नाहीत! धडधाकट फोटो आधी पुसायचे आणि मग शोधत बसायचे, कशासाठी?

हडपसर, तुमचं कार्ड खराब नाहीये, कॅमेरा फोटो दाखवतोय म्हणजे कार्ड ठणठणीत आहे. ३२ जीबीपर्यंतची कार्डं एसडीएचसी, त्यांच्यावर फाइली मांडायची फॅट३२ ही पद्धत असते. त्याच्या पुढची एसडीएक्ससी, त्यांच्यावर एक्सफॅट ही नवी पद्धत. एसडीएक्ससी आलं २००९ मध्ये, त्यामुळे त्या सुमाराच्या किंवा आधीच्या लॅपटॉपमधल्या रीडरला, म्हणजे कार्ड वाचणाऱ्या खाचेला, ही मोठी कार्डं नीट वाचताच येत नाहीत, त्याला वाटतं कार्ड कोरं आहे. विंडोज ७ ला एक्सफॅट कळतं, म्हणजे अडलंय ते खाचेपाशीच. आकार दिसायला सारखाच, म्हणून कार्ड आत जातं आणि माणूस गोंधळतो.

सगळ्यात सोपं म्हणजे केबल लावा. १३००डीला मिनी यूएसबी लागते, मोबाईलची मायक्रो किंवा सी नाही, ती जराशी जाड तोंडाची जी पूर्वी एमपीथ्री प्लेअरला यायची. केबलने जोडलं की कार्ड वाचायचं काम कॅमेराच करतो आणि लॅपटॉपला नुसत्या फाइली देतो, त्यामुळे तुमच्या जुन्या खाचेचा प्रश्नच येत नाही. फक्त बॅटरी फुल्ल असू द्या, आणि मेनूत वायफाय चालू असेल तर आधी बंद करा, ते चालू असताना केबलचं कनेक्शन होत नाही.

लग्नसराई_फोटो
कवडीपाट यांना +१. केबल नसेल तर सरळ बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जा, केबल पण मिळेल आणि यूएसबीचा कार्ड रीडर पण. घेताना एसडीएक्ससी चालतं ना हे विचारा आणि कार्ड तिथेच लावून बघा. यूएसबी ३ चाच घ्या, जुन्या लॅपटॉपवर वेग यूएसबी २ चाच मिळेल पण पुढे लॅपटॉप बदललात की फरक कळेल.

आता महत्त्वाचं. कट-पेस्ट कधीच नाही, कायम कॉपी. मध्येच लाइट गेली, धक्का लागून केबल निघाली, तर कटमध्ये काही फाइली इकडे काही तिकडे आणि एखादी दोन्हीकडे अर्धवट. कॅमेरा सगळे फोटो ज्यात ठेवतो ते अख्खं डीसीआयएम फोल्डर उचला, आतलं १००कॅनन वगैरे उघडून एकेक फोटो निवडत बसू नका, व्हिडिओ राहून जातात. कॉपी झाली की दोन्हीकडे फाइलींची संख्या बघा, मग शेवटचे काही फोटो मोठे करून उघडून बघा, कॉपी अर्धवट तुटली तर शेवटचाच फोटो खाली करडा दिसतो. त्या दिवशी पाऊस होता म्हणताय तर कार्ड आणि कॅमेऱ्याची खाच कोरडी आहे ना तेही बघून घ्या.

पेठेतला_पप्पू
शून्यांचं खरंच माहीत नव्हतं. कार्डाचे पितळी पट्टे खोडरबरने घासले तर पण फरक पडतो ना?

लग्नसराई_फोटो
नको, रबराचे कण खाचेत जातात आणि मुलामा झिजतो. कोरडं सुती फडकं पुरे.

हडपसर_गाडीतळ
मंडळी, आले!! सगळे आले! शेजारच्या काकांकडे जुनी मिनी यूएसबी निघाली, वायफाय खरंच चालू होतं ते बंद केल्यावर कॅमेरा लगेच दिसला. संख्या जुळली, शेवटचे फोटो उघडून बघितले, स्वच्छ आहेत. मनापासून आभार. आता दोन शंका, कार्ड रिकामं कसं करू, आणि आईच्या दिंडीतल्या बायका फोटो मागतायत, व्हॉट्सॲपवर पाठवले तर मागच्या वेळी अगदीच धूसर झाले होते.

कवडीपाट
वा, छान झालं! कार्ड आत्ता रिकामं करूच नका. लॅपटॉप जुना आहे, आधी एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर करा, ती लॅपटॉपपासून वेगळ्या जागी ठेवा, आणि मग कार्ड कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करा, कॉम्प्युटरवरून नाही, म्हणजे त्याला हवी तशी मांडणी तोच करून घेतो. पुढे कधी चुकून पुसलेच फोटो, तर त्या कार्डावर नवीन काही काढायचं नाही आणि फोटोरेक हे रिकव्हरी सॉफ्टवेअर वापरायचं, फुकट आहे, फाइलींची नावं जातात पण फोटो बहुतेक वेळा मिळतात.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की ते दाबून लहान करतं. अटॅचमध्ये जाऊन डॉक्युमेंट निवडा आणि तिथून जेपीजी पाठवा, आहे तसा जातो. ज्यांना प्रिंट काढायचीये त्यांना हे असेच पाठवा, बाकीच्यांना साधे चालतील, नाहीतर मोबाईल भरले म्हणून ओरडतील.